आपलीं बाप्तिस्म्याचीं नांवें
(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त धर्ममंदिराच्या पटांगणांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें या मंगलप्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्याकडेच सोपविली. धर्ममंदिराच्या उभारणीचा, घंटेचा, शाळेचा व आद्य धर्मगुरूंचा वृत्तांत या स्मरणिकेंत इतर लेखकांनीं दिलाच आहे. तोच पुन्हा सांगून आपला वेळ घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून जी वस्तु आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं उघडून पाहिली आहे, परंतु जिच्यांत आपणां सर्वांचा इतिहास सांठविला आहे, ती हातीं घेऊन आम्ही उभे आहों. ही आपल्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची पहिली नोंदवही. हिचीं पानें पिवळीं पडलीं आहेत, कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत, आणि शाई कोठें कोठें इतकी फिकी झाली आहे कीं उन्हाकडे धरल्यावांचून अक्षर लागत नाहीं. पण तिच्यांतलीं नांवें वाचूं लागलों म्हणजे हातांतून ती खालीं ठेववत नाहीं.

या वहीच्या एका पानावर एका अर्भकाची नोंद आहे. नांव लिहिलें आहे ‘योआन्नेस’. तें अर्भक पुढें मोठें झालें, संसार केला, नातवंडें पाहिलीं, आणि आम्ही येथें आलों तेव्हां तें काठी टेकीत रोज सकाळच्या मिस्सेला येत असे. योआन्नेस हें आपलें नांव त्या वृद्ध गृहस्थांना ठाऊकच नव्हतें. घरांत त्यांना जुवांव म्हणत. शाळेंत मास्तरांनीं पटावर जॉन असें लिहिलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतरच्या काळांत मिस्सा मराठींत होऊं लागली, तेव्हां त्यांच्या सणाच्या दिवशीं वेदीवरून योहान हें नांव ऐकूं येऊं लागलें. आम्हीं त्यांना वहींतलें चौथें नांव दाखविलें तेव्हां ते हंसून म्हणाले, “फादर, नांवं चार झालीं, पण कोणीहि हांक मारली तरी ओ देणारा मी एकटाच!” त्यांच्या या एका नांवाची हकीकत सांगावी एवढाच आमचा आरंभीचा हेतु आहे. पुढें ती आम्हांस कोठवर नेते तें पाहूं.

या नांवाचें माहेर इब्री भाषेंत आहे. तेथें त्याचें रूप ‘योहानान’ असें आहे. त्याचे दोन भाग पडतात. ‘यो’ हा परमेश्वराच्या परमपवित्र नामाचा संक्षेप, आणि ‘हानान’ म्हणजे ‘त्यानें कृपा केली’. तेव्हां योहान हें नुसतें विशेषनाम नसून तें एक पुरें वाक्य आहे: परमेश्वरानें कृपा केली आहे. आपल्या संस्कृत नांवांची धाटणी बहुधा समासाची असते. देवदत्त, रामदास, यशोधरा हीं त्याचीं उदाहरणें. इब्री नांवें पुष्कळदां वाक्यें असतात. दानिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश आहे’, योसेफ म्हणजे ‘तो आणखी भर घालो’. मूल जन्मास आलें त्या क्षणीं आईबापांच्या तोंडून जो उद्गार निघाला तोच मुलाचें नांव होऊन बसला, असें या नांवांकडे पाहून वाटतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांतील कथा निराळ्याच प्रकाशांत दिसते. ती आपणांस परिचित आहे. बाळाच्या सुंतेच्या दिवशीं शेजारीपाजारी व नातलग जमले, त्यांनीं बापाचें जखऱ्या हेंच नांव मुलाला देण्याचें ठरवून टाकलें. आई म्हणाली, नव्हे, योहान. लोक म्हणाले, तुमच्या भावकींत या नांवाचा कोणी नाहीं. शेवटीं मुक्या झालेल्या बापानें पाटी मागवून तेंच नांव लिहिलें. आतां या तिघांच्या नांवांचे अर्थ पाहा. जखऱ्या म्हणजे परमेश्वराला स्मरण आहे. अलीशिबा म्हणजे देव हीच माझी शपथ. योहान म्हणजे परमेश्वरानें कृपा केली. जिभेचें बंधन सुटल्यावर जखऱ्यानें जें स्तोत्र गाइलें, जें धर्मगुरु व व्रतस्थ आजहि प्रातःप्रार्थनेंत रोज म्हणतात, त्यांत देवानें दया केली, आपल्या कराराचें स्मरण ठेवलें व वाहिलेली शपथ पाळली, असे तीन विचार ओळीनें येतात. मुलगा, बाप व आई यांचीं तिन्ही नांवें तेथें एका दमांत उच्चारलीं गेलीं आहेत. शुभवर्तमान ग्रीक भाषेंत लिहिलेलें असल्यामुळें हें सौंदर्य वरवर दिसत नाहीं. त्यासाठीं नांवांच्या मुळाशीं जावें लागतें. आम्हीं तें स्तोत्र कित्येक वर्षें रोज म्हटलें, आणि हें आमच्या लक्षांत बऱ्याच उशिरां आलें, हेंहि येथेंच कबूल करतों.

असो. हें नांव इब्री भाषेच्या उंबरठ्याबाहेर पडलें आणि त्याला जग पाहावयास मिळालें. ग्रीक लिपींत शब्दाच्या मध्यें येणाऱ्या त्या घशांतल्या ‘ह’कारासाठीं अक्षर नव्हतें, म्हणून तेथें तें ‘इओआन्नेस’ झालें. लॅटिनमध्यें योआन्नेस, आणि विद्वानांनीं गमावलेला हकार पुन्हा जोडला तेव्हां योहान्नेस. तेथून युरोपांतल्या प्रत्येक भाषेनें त्याला आपल्या घरचा सदरा चढविला. इटालींत जोव्हान्नी, फ्रान्सांत झाँ, स्पेनांत हुआन, जर्मनींत योहान व लाडकें हान्स, हॉलंड व पोलंडांत यान, हंगेरींत यानोश, रशियांत इव्हान. आयर्लंडला तें नॉर्मन फ्रेंचांकडून मिळालें व शॉन झालें. पण त्यापूर्वींच लॅटिनमधून आलेलें ओइन हें रूप तेथें नांदत होतेंच. एकाच घरीं एकच पाहुणा दोन दारांनीं आला म्हणावयाचा! स्कॉटलंडचा इयन तोच, आर्मेनियाचा होव्हानेस तोच. इंग्रजी जॉनचें लाडकें रूप जॅक कसें झालें याचें परक्यांना नवल वाटतें. पण आपण पांडुरंगाचा पांड्या करतों तेव्हां आपल्याला कोठें नवल वाटतें?

पूर्वेकडेहि हें नांव गेलें. अरबी बोलणारे ख्रिस्ती त्याला युहन्ना म्हणतात, आणि मुसलमान बांधव त्याच योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला याह्या या नांवानें मान देतात. सुरियानी भाषेनें योहन्नान हें रूप जवळजवळ मुळाप्रमाणेंच राखलें, आणि सुरियानी उपासनेबरोबर तें आमच्या देशाच्या मलबार किनाऱ्यावर उतरलें. केरळांतील ख्रिस्ती बंधु आजहि योहन्नान हें नांव ठेवतात. म्हणजे पोर्तुगीजांचें पहिलें गलबत 1498 सालीं कालिकतजवळ लागलें त्याच्या कितीतरी आधीं योहान या देशांत येऊन राहिला होता. आपल्या कोंकणांत मात्र तो पश्चिमेच्या दारानें आला.

वसईचा मुलूख 1534 सालीं पोर्तुगीजांकडे गेला व 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं तो जिंकून घेतला. या दोनशें वर्षांत ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांना नांवें मिळालीं तीं पोर्तुगीज भाषेंतून, पुष्कळ वेळां धर्मपित्याचींच. पोर्तुगीजांच्या तोंडीं योआन्नेसचा शेवट नाकांत गेला व तो जुआंव झाला. गोव्यांत 24 जूनला त्याचा सण पावसाच्या पहिल्या पाण्यांत विहिरींत उड्या टाकून साजरा करतात त्याला सांजांव म्हणतात, तें याच संत जुआंवाचें रूप. तसेच आपले बस्त्यांव म्हणजे सेबास्तियन, इनास म्हणजे इग्नेशियस, कायतान म्हणजे कजेतान, जुजे म्हणजे योसेफ. दुमिंग हें नांव ऐकून मुलें हंसतात. पण त्याचा मूळ अर्थ ‘प्रभूचा’ असा आहे, आणि प्रभूचा वार म्हणून पोर्तुगीज भाषेंत रविवारालाहि तोच शब्द आहे. आपल्याकडे सोमवारीं जन्मला तो सोम्या व मंगळवारीं जन्मला तो मंगळ्या, त्यांतलाच हा प्रकार. पास्कू हा पुनरुत्थानाच्या सणाचा, नाताल हा नाताळाचा. हीं नांवें आजोबा-पणजोबांबरोबर मातींत गेलीं, आणि त्यांच्या जागीं जीं इंग्रजी वळणाचीं आलीं तींहि आतां मागें पडत आहेत. आम्हांस या जुन्या घरगुती रूपांची लाज वाटत नाहीं. पोर्तुगीजांचें राज्य गेलें, पुढें मराठ्यांचें गेलें, इंग्रजांचेंहि गेलें. धर्म टिकला, आणि त्याच्याबरोबर शेतांत राबणाऱ्या माणसांच्या जिभेवर घांसून गुळगुळीत झालेलीं हीं नांवेंहि टिकलीं.

कांहीं नांवांचे अर्थ मात्र त्यांच्या धन्याला शोभणारे नसतात, हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें क्रुसावर रक्तसाक्षी झाले व 1862 सालीं त्यांना संतपद मिळालें. त्या शांत, सेवाभावी बंधूचें नांव मूळचें जर्मानिक टोळ्यांच्या भाषेंतलें, आणि त्यांतील पहिल्या पदाचा अर्थ आहे ‘युद्ध’! गोन्साल्विस आडनांवाच्या मंडळींनीं यावरून घरांत भांडणें काढूं नयेत. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नांवाचा उत्तरार्ध म्हणजे बास्क भाषेंतील ‘नवें घर’. तें त्यांच्या वडिलोपार्जित गढीचें नांव. आणि पूर्वार्धाची गंमत अशी कीं, तें ज्यांच्यावरून आलें त्या आसिसीच्या संत फ्रान्सिसचा बाप्तिस्मा जोव्हान्नी या नांवानें झाला होता. बाप कापडाचा व्यापारी; तो फ्रान्सहून परतला व मुलाला कौतुकानें फ्रान्चेस्को, म्हणजे फ्रान्सवाला, म्हणूं लागला. तेंच नांव जगांत गाजलें. आपल्या धर्मग्रामांत जितके फ्रान्सिस आहेत त्या सर्वांच्या मुळाशीं, म्हणजे, एक योहान लपलेला आहे.

पवित्र मरियेच्या नांवाविषयींहि विचारणारे आम्हांस भेटतात. मिर्याम या मूळ शब्दाच्या अर्थाबद्दल पंडितांत एकमत नाहीं. संत जेरोमनें त्याचा अर्थ ‘समुद्राचा थेंब’ असा दिला होता. लॅटिनमध्यें थेंब व तारा या शब्दांत एका स्वराचेंच अंतर, म्हणून नक्कल करतांना थेंबाचा तारा झाला असें मानतात. चुकीनें का होईना, होडी घेऊन रात्रीं दर्यांत जाणाऱ्या आमच्या बांधवांना समुद्रतारा हें नांव लाभलें. ही चूक दुरुस्त करावी असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

आतां या विषयाचें जें मर्म त्याकडे वळतों. नांव एका भाषेंतून दुसरींत दोन वाटांनीं जातें. एक वाट ध्वनीची. योआन्नेसचा जुवांव झाला ती. दुसरी वाट अर्थाची. या दुसऱ्या वाटेला खुद्द शुभवर्तमानाचा आधार आहे. प्रभूनें शिमोनाला अरामी भाषेंत केफा, म्हणजे खडक, असें नांव दिलें. ग्रीक बोलणाऱ्या श्रद्धावंतांनीं केफा हा ध्वनि उचलून न बसतां आपल्या भाषेंतला शब्द घेतला व पेत्र केलें. प्रेषितांच्या प्रमुखाचें नांव अशा रीतीनें भाषांतर होऊनच आपणांपर्यंत आलें आहे.

आमच्या तामिळ बंधूंनीं ही वाट मोठ्या धैर्यानें चोखाळली. तामिळ भाषेंत ‘अरुळ’ म्हणजे कृपा. म्हणून त्यांच्या कॅथलिक परंपरेंत योहानाला अरुळप्पर म्हणतात. पौल या लॅटिन शब्दाचा अर्थ लहान. म्हणून तो चिन्नप्पर, चिन्न म्हणजे लहान. 1647 सालीं लिस्बनला जन्मलेले जुआंव द ब्रिटो मदुरेच्या मिशनांत आले, संन्याशाचीं वस्त्रें ल्याले व अरुळानंदर या नांवानें ओळखले जाऊं लागले. म्हणजे परमेश्वराची जी कृपा योहानांत होती तीच अरुळांत आली. ते 1693 सालीं ओरियूर येथें रक्तसाक्षी झाले, आणि 1947 सालीं संत म्हणून घोषित झाले. त्रावणकोरच्या राजाच्या सेवेंतील नीलकंठ पिळ्ळै यांनीं 1745 सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांना लाजर हें नांव मिळालें. लाजर म्हणजे देवानें साह्य केलें, म्हणून त्यांना देवसहायम् म्हणूं लागले. 1752 सालीं गोळ्या झेलून त्यांनीं देह ठेवला. 15 मे 2022 रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संतांच्या मालिकेंत घेतलें, आणि देवसहायम् हें नांव जगभरच्या कॅथलिकांच्या ओठीं गेलें. बंगालचे भवानीचरण बंदोपाध्याय यांनीं 1891 सालीं बाप्तिस्मा घेतला व थिओफिलस, म्हणजे देवाचा मित्र, हें नांव स्वीकारलें. पुढें भगवें वस्त्र धारण केल्यावर त्याचेंच भाषांतर करून ते ब्रह्मबांधव उपाध्याय झाले.

आपल्या मराठींत हें फारसें घडलें नाहीं. वास्तविक सामग्री काय थोडी आहे? मॅथ्यू म्हणजे परमेश्वराची देणगी, थिओडोर म्हणजे देवाची देणगी, आणि संत ऑगस्टीननें आपल्या मुलाला दिलेलें आदेओदातुस हें नांव म्हणजे देवानें दिलेला. मराठींत हा देवदत्त झाला. मार्गारेट म्हणजे मोती, आपली मुक्ता. लूसी म्हणजे प्रभा. फेलिक्सचें नातें आनंदाशीं. अग्नेसचा ग्रीक अर्थ शुद्ध, म्हणून ती विमला. लॅटिनमधील कोंकराच्या नांवाशीं उच्चार जुळला म्हणून चित्रकारांनीं तिच्या हातीं कोंकरूं दिलें तें वेगळेंच.

यावर कोणी म्हणेल, अन्य धर्मीयांचीं नांवें ख्रिस्ती घरांत कशीं यावींत? प्रश्न जुना आहे. 533 सालीं रोमच्या धर्मासनावर ज्यांची निवड झाली त्यांचें नांव मर्क्युरिअस होतें. एका रोमन देवाचें नांव पेत्राच्या वारसाला शोभत नाहीं असें वाटून त्यांनीं तें टाकलें, व कोणतें घेतलें म्हणाल? योहान! पोपनें निवड होतांच नांव बदलावें ही चाल त्यांनीं पाडली असें मानतात. तरीपण याच ख्रिस्तसभेनें संत मार्टिनचें नांव बदललें नाहीं, आणि मार्टिन म्हणजे मार्स या युद्धदेवाचा. संत इसिदोर म्हणजे इसिस या मिसरी देवीची देणगी. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत ज्या फीबीची शिफारस केली आहे तिचें नांव ग्रीकांच्या देवतामालिकेंतलें. पौलानें तिला नांव बदलण्यास सांगितल्याचें कोठेंहि आढळत नाहीं. तिच्या सेवेचीच त्यानें वाखाणणी केली. नांवाला पावित्र्य आलें तें तें धारण करणाऱ्यांच्या आयुष्यामुळें.

हें सर्व आम्ही आज या व्यासपीठावरून मोठ्या शहाणपणानें सांगत आहों. पण ज्या दिवशीं हें सांगावयाचें होतें त्या दिवशीं आमच्या तोंडून भलतेंच निघालें. ती गोष्ट सांगितल्यावांचून हें व्याख्यान पुरें करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आम्हांस गुरुदीक्षा मिळून वर्षहि झालें नव्हतें. दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही साहाय्यक होतों. एका रविवारीं दुपारीं एक तरुण माता तान्हें मूल घेऊन बाप्तिस्म्यासाठीं आली. बरोबर सासू व धर्ममाता-पिता. नांव काय, असें विचारतांच ती म्हणाली, “कृपा.” आम्हीं विचारलें, ही कोणती संत? ती गप्प राहिली. आम्ही सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलेले, डोक्यांत पुस्तकें फार व पोटांत धीर कमी. बाप्तिस्म्याला संताचेंच नांव लागतें, असें आम्हीं ठणकावून सांगितलें. सासूबाई लगेच म्हणाल्या, “फादर, आमच्या थोरल्या बाईंचं आन्ना नांव होतं, तेंच घाला.” आम्हांस बरें वाटलें व आम्हीं आन्ना लिहिलें. आईच्या डोळ्यांत पाणी आलें. ती इतकेंच म्हणाली, “फादर, नऊ वर्षं मूल नव्हतं. देवानं कृपा केली म्हणून तें नांव मागत होतें.” आम्हीं तिला, देवाची कृपा आन्ना नांवाच्या मुलीवरहि होते, असें कांहींतरी उत्तर दिलें. पुढचें अर्भक वाट पाहत होतें.

पुढें कित्येक वर्षांनीं एका पहाटे मिस्सेच्या वाचनांत हन्नेची कथा आली. वर्षानुवर्षें वांझपणाचें दुःख सोसलेली ती स्त्री शिलो येथें देवापुढें मुक्यानें रडत होती. ओठ हलतात पण शब्द ऐकूं येत नाहीं हें पाहून एली नांवाच्या वृद्ध याजकानें ती मद्य प्याली आहे असें ठरविलें व तिला दटावलें. वाचतां वाचतां आमचा स्वर अडखळला. हन्ना, म्हणजेच आन्ना. तिचा धातु हानान. योहानाचा जो धातु तोच. अर्थ, कृपा. सेमिनरींत इब्री भाषेच्या परीक्षेसाठीं हा धातु आम्हीं पाठ केला होता, व त्या उत्तराला आम्हांस गुणहि मिळाले होते. नऊ वर्षें मूल नसलेल्या एका आईनें देवाच्या कृपेचें नांव मागितलें, आणि आम्हीं तें नाकारून तिच्या मुलीला दिलें तेंच. फक्त तिला न समजणाऱ्या भाषेंत. एलीनें निदान चूक कळतांच हन्नेला शांतीनें घरीं पाठविलें. आम्हीं तेवढेंहि केलें नाहीं.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें तर आमचा दोष दुप्पट होतो. 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचें 855 वें कलम इतकेंच सांगतें कीं, आईबाप, धर्ममाता-पिता व धर्मगुरु यांनीं ख्रिस्ती भावनेशीं विसंगत नांव दिलें जाणार नाहीं याची काळजी घ्यावी. कृपा हें नांव ख्रिस्ती भावनेशीं विसंगत कसें असेल? आणि त्यापूर्वीचा 1917 चा कायदा अधिक कडक, संताच्या नांवाचा आग्रह धरणारा. त्याच्या 761 व्या कलमांतहि आईबाप ऐकत नसतील तर त्यांनीं निवडलेल्या नांवाला संताचें नांव जोडून दोन्ही नांवें वहींत लिहावींत अशी सोय होती. दोन्ही नांवें! आम्हीं एकच लिहिलें.

बावीस वर्षांनीं आम्ही त्या गांवीं एका अंत्यविधीसाठीं गेलों असतां ती बाई भेटली. मुलीचें लग्न ठरलें होतें. घरीं, शाळेंत, सरकारी कागदांवर ती सर्वत्र कृपाच होती. एका बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तेवढी आन्ना. दोन्ही नांवांची मुलगी एकच, हें सिद्ध करण्यासाठीं तिला प्रतिज्ञापत्रें करावीं लागलीं, दोन धर्मग्रामांत खेटे घालावे लागले. आम्हीं तेथील धर्मगुरूंना विनंती करून समासांत टीप घालून घेतली व दाखला नवा करून दिला. मग अंगणांत बसून त्या मातेला हन्नेची गोष्ट सांगितली, तिच्या नांवाचा अर्थ सांगितला, आणि आमच्याकडून झालें तें चुकलें असें म्हटलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “फादर, तेव्हांच सांगितलं असतंत तर! मी तिला आन्ना म्हणून एकदांहि हांक मारली नाहीं. सासूबाईंनीं मारली तर मी चिडायची. त्या गेल्या, तरी माझा राग गेला नव्हता.” आणि थोड्या वेळानें, “मग दोन्ही एकच का?” आम्हीं होय म्हटलें. ती आंत गेली व मुलीला चहा आणावयास सांगितलें. हांक मारली ती कृपा म्हणूनच.

पोप तेविसावे योहान यांनीं 28 ऑक्टोबर 1958 रोजीं आपलें नांव जाहीर केलें तेव्हां कारण सांगतांना हें आपल्या वडिलांचें नांव, व ज्या साध्या धर्मग्रामांत आपला बाप्तिस्मा झाला तेथील धर्ममंदिराचें नांव, असें म्हटलें होतें. धर्मासनावर बसणाऱ्या माणसाला त्या घटकेस स्वतःचें गांव आठवलें. आपल्या या वहींतहि असें पुष्कळ कांहीं आहे, पण तें अर्धेंच आहे. वहींत लॅटिन नांवें आहेत. आजीनें ज्या नांवानें हांक मारली तें नांव नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आम्हीं एक काम आरंभिलें आहे. येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही कचेरींत ही वही व तिच्याशेजारीं एक कोरी वही घेऊन बसणार आहों. मूळ नोंदींत आम्ही हात घालणार नाहीं. तसा आम्हांस अधिकार नाहीं. पण कोऱ्या वहींत प्रत्येक योआन्नेससमोर जुवांव, जांव, जॉन, जें घरांत चाललें तें लिहूं. प्रत्येक सेबास्तियानुससमोर बस्त्यांव लिहूं. ज्यांच्या मुलांचीं घरचीं नांवें दाखल्याशीं जुळत नाहींत त्यांनीं दोन्ही कागद घेऊन यावें. जी टीप कायद्यानें घालतां येते ती आम्ही घालून देऊं. आणि जे कोणी नवें बाळ घेऊन येणार असतील त्यांनीं बाप्तिस्म्याच्या आधींच्या आठवड्यांत एकदां येऊन नांवाविषयीं बोलून जावें. वृद्ध मंडळींनीं स्वतः यावें, पायऱ्या चढवत नसतील तर निरोप पाठवावा. आम्ही घरीं येऊं. घरांत हांक मारावयाचें तें नांव कसें उच्चारतात तें आम्हांस तुमच्या तोंडूनच ऐकावयाचें आहे.